श्वासनलिकेच्या पेशींवरील द्रवथर आणि श्लेष्मा यांचे मोजमाप : प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी

निरोगी श्वासनलिकेच्या आतल्या पेशींवर सुमारे सात मायक्रोमीटर उंचीचा पाणीदार थर असतो. सिलिया, म्हणजे पेशींवरचे सूक्ष्म केस, या थरात उभ्या राहून हलतात आणि वर पसरलेले श्लेष्म्याचे आवरण, त्यात अडकलेली धूळ व जंतू यांसह, घशाकडे सरकवत नेतात. सिस्टिक फायब्रोसिस या आजारात सीएफटीआर नावाचे प्रथिन बिघडलेले असते. त्यामुळे पेशींतून क्लोराइड आणि बायकार्बोनेट बाहेर येणे मंदावते, थरातले पाणी शोषले जात राहते, सिलिया दबतात आणि श्लेष्मा जागच्या जागी चिकटून बसतो. हा थर किती उंच आहे आणि औषध दिल्यावर तो वाढतो का, हे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर कसे मोजावे, याची सविस्तर माहिती या लेखात दिली आहे. जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकून प्रथमच अशा प्रयोगशाळेत पाऊल ठेवणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी, मग ती प्रयोगशाळा देशातली असो वा परदेशातली, हे लिहीत आहे. छापील प्रोटोकॉलमध्ये कृती असते, परंतु ती तशीच का करायची हे बहुधा लिहिलेले नसते आणि नवखा माणूस नेमका तिथेच अडकतो.

आरंभी एक हिशेब करून पाहा. पेशी ज्यावर वाढवतात त्या सच्छिद्र तळाच्या छोट्या पेल्याला इन्सर्ट म्हणतात; बारा मिलिमीटर व्यासाच्या नेहमीच्या इन्सर्टचे क्षेत्रफळ १.१२ चौरस सेंटिमीटर असते. त्यावर ७ मायक्रोमीटर उंचीचा थर म्हणजे जेमतेम ०.७८ मायक्रोलिटर द्रव, आणि आजारी पेशींवरचा ३ मायक्रोमीटरचा थर म्हणजे ०.३४ मायक्रोलिटर. दोन्हींतला फरक अर्ध्या मायक्रोलिटरहूनही कमी आहे. पुढच्या प्रत्येक पायरीमागे हाच हिशेब आहे, कारण बाष्पीभवनाने, पिपेटने किंवा फटीतून होणाऱ्या गळतीने तुमच्या हातून एवढे पाणी सहज कमी-जास्त होऊ शकते.

१. नेमकी कोणती राशी मोजायची ते ठरवा

या कामात तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या जातात आणि नवे विद्यार्थी त्या एकमेकींत मिसळतात. पहिली म्हणजे पेशींवरील संपूर्ण द्रवथराची उंची, जी कॉन्फोकल, म्हणजे लेझरने नमुन्याचे पातळ छेद दाखवणाऱ्या, सूक्ष्मदर्शकाने मायक्रोमीटरमध्ये मोजतात. दुसरी म्हणजे श्लेष्म्यातील घन पदार्थांचे प्रमाण. त्यासाठी श्लेष्मा गोळा करून ओला असताना आणि वाळवल्यानंतर सूक्ष्म तराजूवर तोलतात. निरोगी श्लेष्म्यात हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास असते, तर सिस्टिक फायब्रोसिसमध्ये ते कित्येक पटींनी वाढते. तिसरी म्हणजे श्लेष्म्याचा घट्टपणा, अर्थात तो वाहण्यास आणि ताणला जाण्यास किती विरोध करतो हे. त्यासाठी सुमारे एक मायक्रोमीटर व्यासाचे चमकणारे मणी श्लेष्म्यात सोडून त्यांच्या थरथरण्याचे चित्रण करतात.

उंची सारखीच असूनही एका थरात श्लेष्मा पातळ आणि दुसऱ्यात डिंकासारखा असू शकतो. म्हणून केवळ उंचीच्या आकड्यावरून ‘श्लेष्मा सुधारला’ असे लिहू नका. या लेखात मुख्यतः पहिल्या राशीची पद्धत सांगितली आहे. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी हे बरे, कारण बाकीच्या दोन्ही मोजमापांचा अर्थ लावताना उंची ठाऊक असावी लागते.

ही पद्धत रुजली ती एका वादातून. १९९० च्या दशकात आयोवा विद्यापीठातील संशोधकांचे म्हणणे असे होते की आजारी थरात मिठाचे प्रमाण वाढते आणि त्यामुळे जंतुनाशक प्रथिने निकामी होतात. उत्तर कॅरोलायनातील चॅपेल हिल येथील गटाने १९९८ मध्ये आपले मोजमाप प्रसिद्ध केले आणि मिठाचे प्रमाण बदलत नसून थराचे एकूण आकारमानच घटते, असे मांडले. एक मायक्रोलिटरहून कमी द्रव न सांडता, न वाळवता मोजण्याची निकड अशा वादांतून निर्माण झाली आणि आजच्या कृतीतील पुष्कळशा खबरदाऱ्या त्याच काळातल्या आहेत.

२. परवानग्या आणि कागदपत्रे

पेशी रुग्णांकडून किंवा दात्यांकडून आलेल्या असतात. फुफ्फुस प्रत्यारोपणात काढून टाकलेले फुफ्फुस हा सिस्टिक फायब्रोसिसच्या पेशींचा प्रमुख स्रोत आहे. याखेरीज नाकातून मऊ ब्रशने घेतलेल्या पेशीही वापरतात. भारतात काम करत असाल तर पुढील कागद हाताशी असल्याशिवाय पेशींची कुपी उघडू नका :

– संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी. ती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांना धरून असावी.
– दात्याचे किंवा पालकांचे माहितीपूर्ण संमतिपत्र, त्यांना समजणाऱ्या भाषेत. मुलांच्या बाबतीत वयानुसार मुलाचीही संमती.
– संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी आणि दुसऱ्या स्तराच्या जैवसुरक्षा सुविधेत काम करण्याचे प्रशिक्षण घेतल्याची नोंद.
– दुसऱ्या संस्थेकडून पेशी घेतल्या असतील तर साहित्य हस्तांतरणाचा करार.
– दात्याचा सांकेतिक क्रमांक, वय, धूम्रपानाचा इतिहास आणि सीएफटीआर जनुकातील दोन्ही प्रतींचे बदल. यात नाव किंवा रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक कुठेही नसावा.

शेवटचा कागद अनेकदा दुर्लक्षिला जातो. सीएफटीआर जनुकाचा शोध १९८९ मध्ये लागला, तेव्हापासून त्यात दोन हजारांच्या आसपास बदल नोंदवले गेले आहेत. एफ५०८डेल हा त्यांपैकी जगभर सर्वाधिक आढळणारा बदल असला तरी भारतीय रुग्णांमध्ये त्याचे प्रमाण युरोपीय वंशाच्या रुग्णांपेक्षा कमी आहे. म्हणून केवळ ‘सीएफ पेशी’ असे लेबल असलेल्या कुपीवर औषधाचा प्रयोग करण्यात अर्थ नाही. औषध कोणत्या बदलावर चालते हे आधीच ठरलेले असते.

३. साहित्य

पेशींच्या बाबतीत माझे मत ठाम आहे : उंची मोजायची असेल तर थेट दात्याच्या श्वासनलिकेतून घेतलेल्या पेशीच वापराव्यात. अमर केलेल्या, म्हणजे अखंड विभागत राहणाऱ्या, पेशींच्या प्रचलित वाणांवर सिलिया आणि श्लेष्मा हे दोन्ही नीट तयार होत नाहीत, आणि ज्या थरात सिलियाच नाहीत त्याची उंची मोजून श्वासनलिकेविषयी फारसे काही कळत नाही. तयार वाढवलेल्या पेशींचे इन्सर्ट विकत मिळतात. ते महाग असतात, पण पेशी वाढवण्याची सोय नसलेल्या प्रयोगशाळेला तोच मार्ग सोयीचा पडतो.

याशिवाय लागणाऱ्या वस्तू अशा : ०.४ मायक्रोमीटर छिद्रांचा पारदर्शक पॉलिएस्टर पडदा असलेले १२ मिलिमीटरचे इन्सर्ट, पीबीएस (आम्लता स्थिर ठेवणारे खारे पाणी), द्रवथर लाल दिसावा म्हणून टेक्सास रेड किंवा तत्सम लाल रंगद्रव्य जोडलेले १० किलोडाल्टनचे डेक्स्ट्रान (शर्करेचा साखळीदार रेणू), पेशी हिरव्या दिसाव्यात म्हणून कॅल्सीन-एएम, परफ्लुओरोकार्बन द्रव, पेशीथराचा विद्युतरोध मोजणारे उपकरण, आणि उलट्या रचनेचा, म्हणजे भिंग खाली असलेला, कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक.

डेक्स्ट्रानच्या आकाराकडे लक्ष द्या. सिलियांच्या पृष्ठभागावर श्लेष्मप्रथिनांचे दाट केसाळ जाळे असते आणि त्यात मोठे रेणू शिरू शकत नाहीत, हे २०१२ मध्ये चॅपेल हिलच्याच गटाने दाखवले. फार मोठे डेक्स्ट्रान वापरले तर रंग सिलियांच्या वरच राहतो, खालचा भाग काळा दिसतो आणि थर प्रत्यक्षाहून बारीक भासतो. दहा किलोडाल्टनचा रेणू तळापर्यंत पोहोचतो.

परफ्लुओरोकार्बन पाण्यात मिसळत नाही, तेलकट औषधेही त्यात सहसा विरघळत नाहीत, आणि त्यात प्राणवायू भरपूर विरघळत असल्यामुळे पेशींचा श्वास कोंडत नाही. चित्रणाच्या वेळी थरावर त्याचे पांघरूण घातले की पाणी उडत नाही. जुन्या प्रोटोकॉलमध्ये एफसी-७७ हे नाव आढळेल. ते बनवणाऱ्या थ्री-एम कंपनीने या वर्गातील रसायनांचे उत्पादन २०२५ अखेर थांबवण्याचे डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले होते. म्हणून प्रयोगशाळेतल्या शिल्लक बाटलीवर विसंबून मोठा प्रयोग आखू नका. पर्यायी द्रव आणला तर दोन्ही द्रवांखाली त्याच इन्सर्टची उंची मोजून तुलना करा आणि मगच पुढे जा.

४. पेशींचा थर मोजण्यायोग्य झाला आहे का ते पाहा

पेशी इन्सर्टवर पसरून एकसंध झाल्या की वरचा द्रव काढून टाकतात आणि पोषण फक्त खालून देतात. अशा हवा-द्रव सीमेवर साधारण चार आठवडे ठेवल्यावर सिलिया आणि श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशी नीट विकसित होतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही सिलियांची लवलव दिसू लागते आणि काही इन्सर्टवर श्लेष्मा भोवऱ्यासारखा गोल फिरताना दिसतो.

तरीही डोळ्यांवर भिस्त ठेवू नका, विद्युतरोध मोजा. रिकाम्या इन्सर्टचा रोध वजा करून उरलेल्या आकड्याला क्षेत्रफळाने गुणायचे असते. या गुणाकाराऐवजी भागाकार करणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. चांगल्या थराचा रोध काही शे ओहम-चौरस सेंटिमीटर असतो. तो फार कमी असेल, किंवा रात्रभरात वरचा भाग पुन्हा पुन्हा ओला होत असेल, तर पेशींच्या सांध्यांतून खालचे पोषणद्रव वर झिरपत आहे असे समजा. असा इन्सर्ट बाजूला ठेवा. त्यावर मिळालेली भरघोस उंची औषधाचा परिणाम म्हणून नोंदली गेल्याची उदाहरणे चर्चांमध्ये ऐकायला मिळतात, ती याच कारणाने.

५. सूक्ष्मदर्शकाची उभी मोजपट्टी तपासा

आडव्या दिशेचे अंशांकन बहुतेकांना ठाऊक असते, पण आपल्याला मोजायचे आहे ते उभ्या दिशेत. भिंग आणि नमुना यांमधील माध्यमांचा अपवर्तनांक वेगळा असेल तर यंत्र जितके सरकते तितकाच केंद्रबिंदू सरकत नाही. तेलाच्या भिंगाने, ज्याच्या माध्यमाचा अपवर्तनांक १.५२ असतो, पाण्याचा थर मोजला तर उंची साधारण १४ टक्क्यांनी जास्त दिसते, कारण पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. सात मायक्रोमीटरचा थर आठ मायक्रोमीटरचा होऊन बसतो. कोरड्या भिंगाने याच्या उलट होते आणि थर बुटका दिसतो. पाण्याचे भिंग यासाठी सर्वांत सुरक्षित. ग्लिसरॉलचे भिंगही चालते, मात्र सुधारणेचा गुणक लावावा लागतो.

गुणक पुस्तकातून न घेता स्वतः काढा. दहा किंवा पंधरा मायक्रोमीटर व्यासाचे चमकणारे गोल मणी पाण्यात सोडा, त्यांचे उभे छेद घ्या आणि रुंदीच्या तुलनेत उंची किती येते ते पाहा. मण्याची दोन्ही मापे समान असायला हवीत. जो फरक दिसेल तोच तुमचा गुणक. भिंग बदलले किंवा सेवा अभियंता येऊन गेला की हे पुन्हा करा.

भिंग किती खोलवर पाहू शकते हेही आधी बघून घ्या. काचेची जाडी सुमारे १७० मायक्रोमीटर, त्यावर द्रवाची फिल्म, मग पडदा, मग पेशी आणि शेवटी तुमचा थर. ज्या भिंगाचे कार्यअंतर पाव मिलिमीटरहून कमी आहे ते तिथवर पोहोचतच नाही. उच्च प्रतीची बरीचशी तेलाची भिंगे याच कारणाने बाद होतात.

६. थर धुणे आणि रंग घालणे

हा सर्वांत नाजूक टप्पा आहे, त्यामुळे जरा विस्ताराने सांगतो.

आठवडाभर साचलेला श्लेष्मा आधी काढावा लागतो, नाहीतर प्रत्येक इन्सर्टची सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून होते. वरच्या बाजूस ३७ अंश तापमानाचे पीबीएस घाला, अर्धा तास इनक्युबेटरमध्ये ठेवा आणि हलकेच शोषून घ्या. पिपेटचे टोक कडेला, भिंतीलगत ठेवा. मधोमध टेकवलेत तर पेशींवर गोल ओरखडा उठतो आणि नंतर तोच भाग चित्रात येतो. आजारी पेशींवरील श्लेष्मा एका धुण्यात निघत नाही. तरीही निरोगी आणि आजारी अशा दोन्ही इन्सर्टना धुण्याची संख्या सारखीच ठेवा, कारण एकाला जास्त वेळा धुतले की तुलनाच बिघडते.

त्यानंतर रंग घालण्याचे दोन मार्ग आहेत आणि तुमचा प्रश्न काय आहे त्यावरून त्यांतला एक निवडायचा.

पहिल्या मार्गात डेक्स्ट्रान मिसळलेले २० मायक्रोलिटर पीबीएस वर घालतात आणि पेशी ते किती वेगाने व कुठपर्यंत शोषतात हे पाहतात. हिशेबाने २० मायक्रोलिटरचा सपाट थर सुमारे १८० मायक्रोमीटर उंच व्हायला हवा, पण मधोमध मोजल्यावर आकडा बराच कमी येतो. द्रव भिंतीवर चढून कडेला साठतो, हे त्यामागचे कारण. हा फरक पाहून पिपेट बिघडली असे समजू नका. शोषण पुढे सरकत जाते तसे २४ तासांनी निरोगी पेशींवरील थर सुमारे ७ मायक्रोमीटरवर स्थिरावतो, तर सिस्टिक फायब्रोसिसच्या पेशींवर तो ३ ते ४ मायक्रोमीटरपर्यंत घसरतो. पेशी स्वतःची पातळी राखू शकतात का, हा प्रश्न असेल तर हाच मार्ग योग्य.

दुसऱ्या मार्गात थरात एक थेंबही पाणी न वाढवता, डेक्स्ट्रानची कोरडी पूड परफ्लुओरोकार्बनमध्ये घोळून वर सोडतात. पूड थरातल्याच पाण्यात विरघळते. आहे त्या स्थितीतील उंची मोजायची असेल किंवा औषधाचा तात्काळ परिणाम पाहायचा असेल तर हा मार्ग बरा. मात्र पूड जास्त झाली तर तिच्यामुळेच थरातील विद्राव्यांचे प्रमाण वाढते आणि पेशींतून पाणी वर ओढले जाते. सूक्ष्मदर्शकात दिसण्यापुरता रंग पुरे. चित्र उजळ यावे म्हणून पूड वाढवण्याचा मोह आवरावा.

कॅल्सीन-एएम नेहमी खालच्या बाजूने द्या. श्वासनलिकेच्या पेशी ते हळूहळू बाहेर टाकतात, म्हणून ते चित्रणाच्या थोडेसेच आधी घालावे. आदल्या दिवशी घातलेले कॅल्सीन दुसऱ्या दिवशी फिके पडलेले असते.

दोन चित्रणांच्या मधल्या काळात इन्सर्ट इनक्युबेटरमध्ये भरपूर आर्द्रतेत राहायला हवेत. इनक्युबेटरचे पाण्याचे भांडे भरलेले आहे का, हे रोज स्वतः पाहा. प्लेटभोवती ओल्या टिपकागदाचा झाकणबंद डबा केला तर आणखी चांगले. प्लेटच्या कडेच्या खणांत बाष्पीभवन जास्त होते, म्हणून एका गटाचे सगळे इन्सर्ट कडेला आणि दुसऱ्याचे मध्ये, अशी मांडणी करू नका.

७. चित्रण

इन्सर्ट प्लेटमधून उचलून काचतळाच्या भांड्यात, सुमारे १०० मायक्रोलिटर उबदार द्रवावर ठेवा. द्रव कमी पडला तर खाली हवेचा बुडबुडा राहतो आणि चित्र काळे येते, जास्त झाला तर इन्सर्ट तरंगून हलत राहतो. सूक्ष्मदर्शकावर पाच टक्के कार्बन डायऑक्साइडची सोय नसेल तर बायकार्बोनेटचा द्रव वापरू नका, हेपीस (कार्बन डायऑक्साइडविना आम्लता स्थिर ठेवणारे रसायन) मिसळलेला द्रव घ्या. अन्यथा काही मिनिटांतच आम्लता बदलते आणि पेशींचे आयन-वहनही बदलते.

मग परफ्लुओरोकार्बन भिंतीवरून सावकाश सोडा. हा द्रव पाण्याहून जवळपास पावणेदोन पट जड असतो. पातळ थर पृष्ठताणामुळे पेशींना धरून राहतो, पण नुकतेच २० मायक्रोलिटर घातलेल्या इन्सर्टवर तो वरून जोरात टाकला तर पाणी एका बाजूला ढकलले जाते.

छेद उभ्या प्रतलात घ्या. जागा चित्र सुंदर दिसते म्हणून निवडायची नसते. पाच बिंदू आधीच ठरवून ठेवा, एक मध्यभागी आणि चार त्याभोवती, सर्व भिंतीपासून किमान दोन मिलिमीटर आत. कडेजवळ चढलेल्या द्रवामुळे तिथली उंची कायम फसवी असते. साडेसहा मिलिमीटरच्या छोट्या इन्सर्टमध्ये ही कड बहुतेक सारा पृष्ठभाग व्यापते. हे मोजमाप त्यावर टाळावे असे मला वाटते ते त्यामुळेच.

लेझरची तीव्रता कमी ठेवा आणि एका इन्सर्टवर काही मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नका. उबदार स्टेजवर हवेचा झोत असेल तर परफ्लुओरोकार्बनही हळूहळू उडते. एकाच बिंदूवर लागोपाठ दोन छेद घ्या. दुसऱ्यात थर बुटका झाला असेल तर पांघरूण अपुरे आहे.

८. नियंत्रणे आणि औषधे

औषधाचा परिणाम पाहण्याआधी तुमची पद्धत फरक दाखवू शकते की नाही हे सिद्ध करा. त्यासाठी काही परिचित रसायने पुरतात. सीएफटीआरला चालना देणारे फोर्स्कोलिन दिल्यावर निरोगी पेशींवरील थर वाढला पाहिजे आणि औषध न दिलेल्या सिस्टिक फायब्रोसिसच्या पेशींवर जवळजवळ तसाच राहिला पाहिजे. सीएफटीआर अडवणारे रसायन निरोगी थर खाली आणते. अमिलोराइड सोडियमची वाट रोखते, त्यामुळे शोषण मंदावते. यूटीपी मात्र कॅल्शियमवर चालणाऱ्या वेगळ्या क्लोराइड वाहिनीतून काम करते, म्हणून ते आजारी पेशींवरही थर वाढवते. आजारी पेशी जिवंत आणि सक्षम आहेत का, हे पाहण्यासाठी ते फार उपयोगी पडते.

सीएफटीआर सुधारणारी औषधे रुग्णांपर्यंत पोहोचण्यापूर्वी अशाच वाढवलेल्या पेशींवर तपासली गेली. आयव्हाकाफ्टरला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली आणि एलेक्साकाफ्टर, टेझाकाफ्टर व आयव्हाकाफ्टर या तिघांच्या संयोगाला ऑक्टोबर २०१९ मध्ये. यांपैकी एलेक्साकाफ्टर आणि टेझाकाफ्टर चुकीच्या घडीचे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचवतात, त्यामुळे ती किमान २४ तास आधी द्यावी लागतात. आयव्हाकाफ्टर पृष्ठभागावर पोहोचलेल्या वाहिनीचे दार अधिक काळ उघडे ठेवते आणि त्याचा परिणाम लवकर दिसतो. ही औषधे डीएमएसओ या द्रावकात विरघळवून खालच्या पोषणद्रवातून देतात. नियंत्रण-इन्सर्टना तेवढेच नुसते डीएमएसओ द्यायला विसरू नका.

एकाच वेळेच्या मोजमापावर निष्कर्ष काढू नका. शून्य, ४ किंवा ६, २४ आणि ४८ तास अशा किमान चार वेळा घ्या. दोन गट २४ तासांना सारखे दिसूनही ६ तासांना फार वेगळे असू शकतात, आणि शोषणाचा वेग या मधल्या मोजमापांतूनच कळतो.

९. चित्रांवरून आकडा काढणे

फिजी हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसे आहे. चित्रांच्या फाइलींना प्रथम सांकेतिक नावे द्या आणि कोणती फाइल कोणत्या गटाची, हे मोजणाऱ्याला कळू देऊ नका. थराची कड हाताने रेघ ओढून ठरवण्यापेक्षा लाल प्रकाशाची तीव्रता जिथे कमालीच्या निम्मी होते तो बिंदू कड मानावा. प्रत्येक छेदावर समान अंतरावर दहाएक उभ्या रेषा घेऊन सरासरी काढा आणि मण्यांवरून मिळालेला गुणक लावा.

खालची कड कुठे धरायची, यावर प्रयोगशाळांत एकवाक्यता नाही. काही जण हिरव्या पेशींच्या माथ्यापासून मोजतात, काही लाल रंगाच्या तळापासून. दोन्ही मार्ग ग्राह्य आहेत, पण एका प्रकल्पात एकच वापरावा आणि अहवालात तो स्पष्ट लिहावा. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाची उभ्या दिशेतील स्पष्टता अर्ध्या ते एक मायक्रोमीटरच्या दरम्यान असते, हे ध्यानात घेऊन ७.१३ मायक्रोमीटर अशा दोन दशांश स्थळांच्या आकड्यांचा सोस टाळावा.

१०. संख्याशास्त्र आणि नोंदवही

पाच बिंदूंची सरासरी म्हणजे एका इन्सर्टचे एक मोजमाप. एकाच दात्याच्या तीन इन्सर्टची सरासरी म्हणजे त्या दात्याचा एक आकडा. नमुनासंख्या म्हणून दात्यांची संख्या द्यायची असते. दोन दात्यांच्या सहा इन्सर्टवर तीस चित्रे घेऊन नमुनासंख्या तीस लिहिणे हा या क्षेत्रातील सर्वांत पसरलेला दोष आहे आणि परीक्षक तो लगेच पकडतात. औषधाच्या आधी आणि नंतर त्याच दात्याची तुलना असेल तर जोडीची चाचणी वापरा, कारण दात्यांमधला फरक बहुधा औषधाच्या परिणामाहून मोठा असतो.

नोंदवहीत पेशींची पिढी, हवा-द्रव सीमेवरचे दिवस, पोषणद्रवाचे नाव व लॉट, शेवटचे धुणे कधी झाले, विद्युतरोध, भिंग आणि गुणक यांची नोंद ठेवा. पोषणद्रवाकडे विशेष लक्ष असू द्या. एकाच दात्याच्या पेशी वेगवेगळ्या द्रवांत वाढवल्या की सिलियांचे प्रमाण, श्लेष्मा आणि आयन-वहन यांत फरक पडतो. प्रकल्प सुरू झाल्यावर द्रव बदलू नये.

निकाल अपेक्षेप्रमाणे आला नाही म्हणून तो फेकून देण्याचे कारण नाही. २०१० मध्ये आयोवातील गटाने सीएफटीआर नसलेल्या नवजात डुकरांच्या श्वासनलिकेत द्रवथराची उंची घटलेली नाही, असे दाखवले. त्यामुळे उंची घटणे हे आजाराचे मूळ आहे की पुढे जंतुसंसर्ग आणि सूज यांच्या सोबतीने येणारा बदल, यावर आजही मतभेद आहेत. तुमच्या रुग्णपेशींवरील थर निरोगी पेशींइतकाच निघाला, विद्युतरोध चांगला असला आणि यूटीपी व अमिलोराइडची नियंत्रणे नीट चालली, तर तो आकडा तसाच मांडा आणि त्याच इन्सर्टवरील घन पदार्थांचे प्रमाण मोजायला घ्या.

वापरलेले इन्सर्ट, पिपेटची टोके आणि धुण्याचे द्रव निर्जंतुक केल्यावरच जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार द्यावेत. परफ्लुओरोकार्बन मात्र वेगळ्या, लेबल लावलेल्या बाटलीत गोळा करावे. ते बेसिनमध्ये ओतू नये आणि ऑटोक्लेव्हमध्येही घालू नये.